पडद्याची साइडकार

फटफटी कशी निवडावी यावर पुरुषमाणसं बोलायला लागली की मी तिथून हलत नाही. मजा येते. कोणी म्हणतो इंजिनचा आवाज ऐकावा, कोणी म्हणतो तेल किती पिते ते आधी विचारावं, कोणी नुसतंच टाकीवर टकटक करून मान डोलावतो. आणि इतकं सगळं करून घरात जी गाडी येते ती भलत्याच कारणानं आलेली असते. आमच्या घरातली पहिली फटफटी तिला पडदा लावता येतो म्हणून आली. त्या पडद्यावर माझं शिक्षण टांगलेलं होतं.

पोलीस ॲक्शन होऊन गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. आम्ही हैदराबादेत जामबागेत राहत होतो. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वकील होते. मराठीत जेवायचे आणि उर्दूत भांडायचे. हे युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, तारनाक्याकडे, आणि रोज सायकल हाणत जायचे. सासूबाई घर सांभाळायच्या. घर म्हणजे त्यात आम्ही तिघंही आलो.

त्याच्या आदल्या उन्हाळ्याची आठवण नको वाटते. गल्लीत मोटारीचा आवाज आला की धाड आली समजून सासूबाई दिवे मालवून आम्हा सगळ्यांना मागच्या खोलीत घेऊन बसायच्या. आवाज पुढे निघून गेला की म्हणायच्या, "गेला." त्या एका शब्दाची आम्ही वाट बघत बसायचो. आता ते संपलं होतं. लोक पुन्हा संध्याकाळी दारात खाटा टाकून बसत होते, टरबुजं कापत होते, एकमेकांना हाका मारत होते. बरं वाटत होतं, खरंच फार बरं वाटत होतं. आणि माणसाला बरं वाटायला लागलं की त्याला काहीतरी हवंसं होतं. मला शिक्षिका व्हायचं होतं.

मी उर्दू माध्यमातून बी. ए. झाले होते. शिक्षकांच्या ट्रेनिंगच्या वर्गात मला जागा मिळाली होती. वर्ग युनिव्हर्सिटीतच, जूनमध्ये सुरू होणार. मामंजींची ना नव्हती. सासूबाईंचीही शिकायला ना नव्हती. प्रश्न जायचं कसं हा होता.

आमच्या शहरात सरकारदरबारी वावरणाऱ्या जुन्या घरांतल्या बायका, मग त्या आपल्यातल्या, हिंदू का असेनात, पडद्याच्या टांग्यातून जात. चारी बाजूंनी कापड बांधलेलं, आत आम्ही. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून तशाच हिंडल्या होत्या. आपण कुठं आलो हे त्या वासावरून ओळखायच्या. मसाल्याचा वास आला की म्हणायच्या, "अफजलगंज आलं." ओला, शेवाळलेला वास आला की, "आता नदी." कधी चुकल्या नाहीत. पण ज्या एका टांगेवाल्यावर त्यांचा विश्वास होता, तो घोडा विकून बिदरकडे लेकीच्या गावी जाऊन राहिला होता. नव्यावर त्यांचा विश्वास बसेना, आणि बसचं नाव काढलं की त्या तोंड फिरवायच्या.

"पडद्यातून जाणार असेल तर जाऊ दे," त्यांनी ह्यांना सांगितलं. "उघड्यानं नाही. घरात काय कमी पडायलंय तिला?"

तेव्हा सिकंदराबादेत लष्कराच्या लढाईतल्या जुन्या गाड्या विकायला काढल्या होत्या. ह्यांनी टूम काढली की आपण फटफटी घ्यावी. मी वर्गाला, ते कामाला, एकाच वाटेनं. मामंजी म्हणाले, मी बरोबर येतो, जनावर घेताना चार डोळे असावेत. ही नुसती बोलायची रीत होती असं आम्हाला वाटलं. तसं नव्हतं.

आवारात एक थोरली, काळीभोर फटफटी उभी होती. हे तिच्याभोवती तीन वेळा फिरले आणि तिथंच त्यांचं मन बसलं. मामंजींनी मात्र शेरवानीच्या बाह्या वर सारल्या, टायर दाबून पाहिले, खाली वाकून पोटाकडून पाहिलं, मग टाकीवर एका गोल पोच्यापाशी बोट थांबवलं. त्यांच्या वडिलांच्या दाराशी घोडे होते, आणि घोडा घेताना अंगावरचे भोवरे बघतात. वाईट जागी भोवरा असला तर तो घोडा फुकट दिला तरी घेत नाहीत.

"ये भौंरा गलत जगा पे है," मामंजी म्हणाले.

विकणारा फौजेतून सुटून आलेला मिस्त्री होता. तो हसला. "वकील साब, ये घोडा नै है."

"मियाँ, जिस पे आदमी बैठता, उसमें खोड रहतीच," मामंजी म्हणाले. वकिलाशी कोण वाद घालणार?

दुसरी एक हलकी, गुणी गाडी होती, आवाजानं मवाळ. ती सासूबाईंना चालली असती, कारण त्यांच्या कानांना अजून मोटारीचा आवाज सोसत नव्हता. पण तिच्यावर पडदा लावणार कुठं? तिसरी गाडी कोपऱ्यात पडली होती. मळकट हिरवी, आवाज कढईत खडे हलवल्यासारखा, आणि बाजूला साइडकार जोडलेली. शिपाई बंदूक घेऊन बसायचा म्हणे त्यात. ह्यांनी एकदा त्या काळ्या गाडीकडे पाहिलं, एकदा ह्या हिरव्या ध्यानाकडे, आणि म्हणाले, "ही द्या."

हे सगळं मला ह्यांनीच नकला करकरून सांगितलं. मी हसून हसून बेजार झाले. मग विचारलं, "तुम्हाला ती काळी आवडली होती ना?" तर म्हणाले, "होती. पण ती काळी तुला वर्गात नेत नव्हती." माणसं गाडी कशी निवडतात हे मला त्या वाक्यानं कायमचं कळलं.

सासूबाईंनी साइडकारला एकदा निरखून "हे टोपलं" असं नाव दिलं आणि लगेच शिंपीचाचांना बोलावणं धाडलं. गल्लीतले टांग्यांचे पडदे त्यांच्याच हातचे. वेताच्या तीन कमानी वाकवून टोपल्यावर बसवल्या, त्यावर जाड निळं कापड, खाली दोरीनं आवळायची सोय. चाचा म्हणाले, "ऐसा सी देतूँ, बेगम साब, मच्छर बी नै झाँक सकता." सासूबाईंनी पडद्याला बाहेरून डोळा लावून पाहिलं. काही दिसलं नाही. त्या खूश झाल्या. मी तर त्यांच्याहून खूश. आता जायला काहीच आडवं येत नव्हतं, असं मला वाटलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "नवी गाडी आधी देवाला जाते. नदीपलीकडच्या मारुतीला शनिवारी जाऊ. मीच बसते तुझ्यासंगं. मला बरं वाटलं तर जूनमध्ये जायचं. नाहीतर गाडी त्यानं एकट्यानं वापरावी."

शनिवारी सकाळी चाकाखाली लिंबं ठेवली, हँडलला हार घातला. एका शिपायासाठी केलेल्या जागेत आम्ही दोघी दाटीवाटीनं बसलो, माझ्या मांडीवर नारळ. मामंजींनी बाहेरून दोऱ्या आवळल्या. गाडी फटफट करत गल्लीबाहेर पडली.

आत निळसर अंधार होता. घाम नुसता वाहत होता. पेट्रोलचा धूर कुठून आत येत होता कोण जाणे, पण एकदा आलेला बाहेर जात नव्हता. मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना बरं वाटायला हवं होतं.

"अफजलगंज आलं का?" त्यांनी विचारलं.

"येईल आता."

"वास कसा येईना मग?"

त्या नाक वर करून हुंगायला लागल्या. मसाले नाहीत, भजी नाहीत, काही नाही. त्या धुरानं सगळं शहर खाऊन टाकलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं. आपल्याच शहरात आपण कुठं आहोत हे त्यांना पहिल्यांदा कळत नव्हतं, आणि बाहेर तोच आवाज, मागच्या खोलीत बसून ऐकलेला. त्या पुटपुटायला लागल्या, "राम राम राम." मग म्हणाल्या, "त्याला थांबव म्हण. मला उतरू दे."

मला रडू आलं. थांबवलं तर माझा वर्ग गेला. न थांबवलं तर ह्या बाईचं काय होतंय ते मला दिसत होतं. मी ओरडले, "अहो, थांबा! थांबा ना!" पण त्या खडखडाटात ह्यांना काय ऐकू जाणार?

आणि त्याच वेळी आम्ही नव्या पुलावर आलो. पुलावर वारा मोकळा असतो. शिंपीचाचांनी मच्छराला जागा ठेवली नव्हती तशी वाऱ्यालाही ठेवली नव्हती. कापड फुगलं, टोपलं एका अंगाला ओढ घ्यायला लागलं, वेताची एक कमान कडकन मोडली, दोऱ्या सुटल्या, आणि सगळा पडदा आमच्या डोक्यावरून उठून कठड्यापलीकडे गेला.

ह्यांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. लख्ख ऊन पडलं होतं. नव्या पुलाच्या मधोमध आम्ही दोघी उघड्यावर बसलो होतो. सासूबाईंनी झटकन पदर पुढे ओढला. सायकलवाले जात होते, एक बस गेली, डोक्यावर भाजीचा हारा घेऊन एक बाई गेली. आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. जो तो आपल्या कामात.

खाली मुशीच्या पात्रात धोबी कपडे वाळत घालत होते. त्यांच्या चादरींत आमचा निळा पडदा जाऊन पडला होता. एकानं वर बघून हाक दिली, "अम्माँ! परदा उडको आया! ऊपर लाऊँ क्या?"

हे माझ्याकडे बघायला लागले, मी ह्यांच्याकडे.

सासूबाई कठड्यावरून खाली बघत होत्या. पाण्याची एक बारकी धार, खडक, म्हशी, वाळत घातलेले कपडे.

"हीच नदी?" त्या म्हणाल्या. "एवढीच?"

"उन्हाळा आहे आई," हे म्हणाले.

"आणि ते लाल दगडाचं, घुमटाचं?"

"ते कोर्ट. नाना वकिलीला जातात ते."

सासूबाईंनी पदर थोडा मागे घेतला. मामंजी रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघायचे. तो डबा इतकी वर्षं कुठं जात होता ते त्या आज बघत होत्या. "चांगली जागा आहे की," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं एखाद्या अंधाऱ्या बोळात बसत असतील बिचारे."

धोब्यानं पुन्हा हाक दिली. सासूबाई कठड्याकडे झुकल्या आणि दारामागून भाजीवाल्याला ओरडायच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नक्को! तुमीच रखो!"

मग ह्यांना म्हणाल्या, "चल. मारुती वाट बघायलाय."

येताना त्यांनी पुलावर गाडी हळू घ्यायला लावली. अफजलगंजात म्हणाल्या, "मसाल्याची दुकानं ह्या बाजूला होय? मी आपली दुसरीकडे समजत होते." गल्लीच्या तोंडाशी ह्यांनी विचारलं, "आई, इथंच उतरतेस का? लोक बघतील." त्या म्हणाल्या, "बघू दे की. टोपलं दारापर्यंत ने."

दारात मामंजी उभे होते. "काय, चाल कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"आडवं ओढतं," सासूबाई म्हणाल्या. "पण पोचवतं."

माझ्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. ना हो, ना नाही. मी विचारायचीही सोय नव्हती, कारण सासूबाईंना विचारलं की त्या हमखास नाही म्हणायच्या, हे गल्लीतलं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. जून जवळ येत चालला. मी आपली गुमान पापड लाटत होते, सांडगे वाळवत होते, आणि आतून झुरत होते.

एके दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "त्या पडद्याचं उरलेलं कापड कुठं ठेवलंस?"

मी ट्रंकेतून ते निळं कापड काढून दिलं. त्या खिडकीपाशी सुई-दोरा घेऊन बसल्या. झालं, म्हटलं, आता नवा पडदा. नव्या पडद्यात ह्या मला बसू देतील, पण वाऱ्यापुढे तो टिकायचा नाही, आणि एकदा का तो उडाला की ह्या वेळी सगळंच संपलं. मी चुलीपुढे जाऊन बसले. डोळे पुसायला धुराचं निमित्त होतंच.

"अगं ए, इकडं ये," त्यांनी हाक मारली.

मी गेले. त्यांच्या मांडीवर पडदा नव्हता. एक पिशवी होती, दोन मजबूत पट्ट्यांची, तळाला दुहेरी शिवण घातलेली.

"वह्या हातात घेऊन बसणार होतीस का टोपल्यात?" त्या म्हणाल्या. "उडून जातील पडद्यासारख्या."

मी ती पिशवी छातीशी धरली आणि तिथंच भोकाड पसरलं. इतकं हलकं मला आदल्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शननंतर घरात पुन्हा दिवे लागले तेव्हाही वाटलं नव्हतं. माझा आवाज ऐकून हे धावत आले.

"रडायला काय झालं हिला?" सासूबाई चिडल्या. मग ह्यांना म्हणाल्या, "शनिवारी हिला अर्धा दिवस असेल ना? घरी आणलंस की मला घेऊन जा. हिला मागं बसव, टोपल्यात मी बसेन. पुलावरून चक्कर मारू."

"आई, तारनाक्याहून गाडी हाणून आल्यावर परत पूल?"

"हौ, परत पूल," त्या दातांनी दोरा तोडत म्हणाल्या. "आता घाई कुणाला आहे?"