मोज्यातल्या हाताची गोळी

कारखान्यात त्याला सगळे तंबूवाला म्हणायचे. औषधाची जहाल पूड पारदर्शक प्लास्टिकच्या बंद तंबूत असायची आणि हा बाहेर उभा राहून, तंबूलाच जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून ती मोजायचा. एवढं करून गप्प बसावं की नाही? पण घरी आला की जणू वाघ पाळल्याच्या थाटात सांगायचा, "आई, चिमूटभर अंगावर उडाली तरी माणूस कामातून गेला समज." आई कौतुकानं ऐकायची.

पुढे आईलाच कॅन्सरची गाठ निघाली आणि डॉक्टरांनी नेमकी त्याच औषधाची गोळी लिहून दिली. पहिली गोळी द्यायला बसताना त्यानं, सवयीनं म्हणा की भीतीनं म्हणा, रबरी मोजे चढवले. आईची नजर मोज्यांवर गेली, तेव्हा कुठे त्याला कळलं आपण काय केलं ते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो घाईघाईनं मोजे ओढून काढू लागला.

"राहू दे रे," आई म्हणाली. "तू लेकराबाळांचा माणूस." तिनं उघड्या तळहातावर गोळी घेतली आणि गिळली. मग नातीची छोटी उशी आपल्या अंथरुणावरून उचलून त्याच्यापुढे धरली.

"आजपासून पोरीला तुमच्याजवळ झोपवा."