उटण्यावर फोडलेलं खापर

नगरच्या एमआयडीसीत चिकुनगुन्याच्या लसीवर काम चालतं, तिथे मी उंदीर सांभाळते. सांभाळते म्हणजे शेवटी मारतेच. गोड बोलायची मला सवय नाही. या लसीत विषाणू मारून घालतात. तो खरंच मेलाय का, हे बघायला डोळेही न उघडलेल्या पिल्लांच्या मेंदूत लस टोचायची. पिल्लं जगली तर विषाणू मेलेला. मेली तर तो जिवंत, आणि हीच बॅच पुढे माणसांच्या दंडात जाणार होती.

दिवाळीच्या सकाळी मी आणि माझ्या राहुरीकडच्या सहकाऱ्याने टोचलेली पिल्लं हातात घेऊन तपासली. दुपारी पिंजरे उघडले तर भुसा लाल. माद्यांनी आपलीच पिल्लं फाडली होती. कुठे पाय, कुठे अर्धी कवटी. एक मादी तर माझ्यादेखत चावत होती, कुरकुर आवाज येत होता.

"आवं म्याडम, माजंच चुकलं," सहकारी रडकुंडीला आला. "उटनं लावून आलो. वासानं बिथरल्या त्या."

परका वास लागलेलं पिल्लू आई खाते, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ. आमच्या साहेबांना तर आयतंच कारण मिळालं. "आईने खाल्लेली पिल्लं मोजणीत धरायची नाहीत. बॅच पास करा आणि घरी जाऊन फराळ करा."

माझं डोकंच सटकलं. मी त्यातल्या एका पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. "साहेब, या पिंजऱ्याला यांचा हातही लागलेला नाही. ही पिल्लं मी धरली होती. आम्ही बौद्ध, आमच्या घरात उटणं येत नाही. मग इथे रक्त कसलं? आजारी पिल्लूसुद्धा आई खातेच की!"

"पुरावा आहे?"

पुरावा एकच उरला होता. त्याच पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक पिल्लू धुगधुगत होतं, मागचे पाय लुळे. विषाणू शोधायचा तर त्याचा मेंदू हवा. मी उचललं, तर ते माझं हातमोज्यातलं बोट चोखायला लागलं. पातळ कातडीतून पोटातलं दूध पांढरं दिसत होतं. साहेबांनी तोंड फिरवलं. मी कात्री मानेवर ठेवली आणि दाबली.

त्या मेंदूत जिवंत विषाणू निघाला. अख्खी बॅच भट्टीत गेली. कळलं तेव्हा मला आनंद झाला, इतका की मी ओरडलेच. आणि मग त्या आनंदाची किळस येऊन बेसिनपाशी ओकले.