फक्त कालचं विचारतात

ट्रेनिंगचा पहिला दिवस. दादरचा एक हॉल, खुर्च्यांवर आम्ही चाळीसेक बायका, पडद्यावर बाळाला पाजणाऱ्या आईचं मोठं चित्र. मॅडम म्हणाल्या, "ज्यांच्या घरी सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे त्यांनी उभं राहा."

मी एकटीच उभी राहिले. वाटलं, काहीतरी चांगलं विचारतील.

"किती महिन्यांचं?"

"साडेतीन. मुलगी आहे."

"काय देता तिला?"

खोटं बोलायचं सुचलंच नाही. म्हणाले, "अंगावरचं देते मॅडम. कामावर असते तेव्हा सासूबाई पावडरचं दूध पाजतात."

मॅडम हॉलकडे वळल्या. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ही उद्या घरोघरी जाऊन आयांना विचारणार, वरचं दूध देता का म्हणून."

बायका हसल्या. मग मॅडमनी माझ्या गळ्यातलं कार्ड हातात धरून वाचलं. आडनावापर्यंत वाचलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्यात हे असंच. बाटली तोंडात कोंबली की झालं."

तुमच्यात. हा शब्द मी पहिलीपासून ओळखते. तो कुणी मोठ्याने म्हणत नाही.

आणि कोरडे पाषाण. सकाळी साडेनवाला मी हॉलमध्ये आले होते, दुपारचे दोन वाजत आले होते. छाती दाटून ठणकत होती. ओढणी दुहेरी करून पुढे घेतली होती, तीही ओली झाली होती. बसा असं कुणी म्हणालं नाही म्हणून तशीच उभी राहिले. लाज वाटली, ते लपवत नाही. राग आला नाही. रागाला अंगात जोर लागतो.

काम एका संस्थेच्या सर्व्हेचं, कंत्राटी. परळ, लालबाग, करी रोड या भागात सहा महिन्यांच्या आतली किती बाळं फक्त आईच्या दुधावर आहेत, ते मोजायचं. पाणी नाही, गुटी नाही, मध नाही, काही नाही. फक्त आईचं दूध. चांगली गोष्ट आहे, मला मान्य आहे. पण ते मोजणाऱ्या बाईला बाळंतपणाची रजा कंत्राटात नव्हती. नवरा हिंदमाताच्या एका दुकानात दिवसभर साड्या उलगडतो आणि परत घड्या घालतो. त्याच्या एकट्यावर घर चालत नाही. म्हणून मी निघाले.

माझी आजी इथल्याच मिलमध्ये, वाइंडिंग खात्यात होती. अंगठा मारणारी बाई. पण मिलला पाळणाघर होतं. मधल्या सुट्टीत ती खाली जाऊन माझ्या आईला पाजून यायची. हे ती फार अभिमानाने सांगायची आणि आम्ही ऐकून कंटाळायचो. मी बी.ए. झाले, गळ्यात कार्ड आलं, हातात फॉर्मची फाइल आली. पाळणाघर तेवढं गेलं.

प्रश्न ठरलेला होता. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही दिलं का? त्याच्या मागचं विचारायचं नाही. मॅडमनी कारणही सांगितलं होतं. त्याच्या मागचं आयांना नीट आठवत नाही. मला माझ्या मुलीची प्रत्येक बाटली आठवते.

पहिल्याच आठवड्यात करी रोडच्या एका टॉवरमध्ये गेले. सामानाच्या लिफ्टने वर. दारातल्या चपलांच्या कपाटाशेजारी उभं राहून विचारायचं होतं. आत बाळ रडलं आणि माझा पान्हा सुटला. दुसऱ्याच्या बाळाच्या रडण्याने सुटतो, त्याला आपलं-परकं कळत नाही. मी फाइल छातीशी धरली आणि विचारलं, काल काही वरचं दिलं का?

"कल? नहीं. कल मालिशवाली आई नहीं थी," त्या म्हणाल्या. "गुटी वही घिसके देती है ना."

"म्हणजे रोज देते?"

"हां, रोज. सिर्फ कल नहीं."

मी लिहिलं, फक्त आईचं दूध. त्याच दुपारी चाळीत एक माझ्याच वयाची आई भेटली. बाळाला उचकी लागली म्हणून जन्मात एकदा, कालच, दोन चमचे पाणी दिलं होतं. घाबरत घाबरत सांगितलं तिने. ती नापास झाली. माझ्या हाताने केली.

संध्याकाळी मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकेक बाळ बघायचं नसतं. हजारात ते सगळं सारखं होतं. छापलंय तसं विचारायचं, डोकं चालवायचं नाही." हजाराचं मला कळत नव्हतं. डोकं चालवायचं नाही, हे कळलं. मान हलवली आणि घरी गेले. मान हलवायची सवय लवकर लागते.

दिवसभर दाटलेलं दूध मिळेल त्या संडासात पिळून टाकायचं. कुणाच्या ऑफिसात, कुणाच्या हॉटेलात. पांढरी धार भांड्यात पडताना बघायची आणि बाहेर येऊन पुढच्या घरी विचारायचं, ताई, बाळाला तुमचंच दूध देता ना? जिथे सोय नसेल तिथे तसंच राहायचं. महिन्याभरात डाव्या बाजूला गाठ झाली आणि ताप भरला. दोन दिवस अंथरुणाला खिळले. ताप चढलेला, छातीला हात लावू देत नव्हते, आणि तरी पोरगी दोन दिवस मला चिकटून होती. पीत होती, झोपत होती, उठून परत पीत होती. तापाची घोंगडी बाजूला केली तर त्या नोकरीतले माझे सुखाचे दिवस ते दोनच.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. आमची चाळ सुरेखाताईंकडे होती. माझ्याच टीममधल्या, मालवणच्या, जिवाला जीव देणाऱ्या. सर्व्हेच्या यादीत आमची खोली आली होती. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि फॉर्म काढला.

"बोल गो, काल काय दिलंस?"

"अंगावरचंच. घरीच होते ना."

"पाणी, गुटी, मध?"

"काही नाही."

त्यांनी टिक केली. खुश झाल्या. "झाली बघ तू पास. आता मॅडम काय बोलतात ते बघू दे मला."

मी हसले सुद्धा. बरं वाटलं. महिनाभर अंगावर घेऊन फिरत होते तो डाग एका टिकने पुसला गेला. सासूबाई चहा घेऊन आल्या. फॉर्मकडे न बघताच त्या म्हणाल्या, "कालचं काय विचारता बाई? उद्या ही कामावर गेली की परत पावडरचा डबाच काढायचाय मला."

मला सुरेखाताईंच्या हातातला कागद दिसायला लागला. त्यात माझा ताप नव्हता. भांड्यात पिळून टाकलेलं दूध नव्हतं. सासूबाईंनी कडेवर घेऊन रडत्या पोरीला घातलेल्या येरझारा नव्हत्या. कागदावर एक सुखी आई होती, ती मी नव्हते.

"ताई, पेन द्या."

समासात लिहिलं. ताप आल्यामुळे आई दोन दिवस घरी. एरवी आठवड्याचे सहा दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, बाळाला पावडरचं दूध. कारण आई हाच सर्व्हे करते. खाली सही केली.

सुरेखाताईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "तुका काढतील गो." कागद मात्र घडी न घालता फाइलमध्ये ठेवला.

चार दिवसांनी मॅडमनी बोलावलं. टेबलावर माझा फॉर्म होता, शेजारी एक नवा. नव्यावर सगळं भरलेलं, समास कोरा, सहीची जागा रिकामी.

"हे काय लिहून ठेवलंय?"

"खरं आहे ते."

"प्रश्न कालचा आहे. कालचं उत्तर तुम्हीच दिलंत. तुमचा फायदाच आहे ना? तुमचं बाळ चांगल्या यादीत जातंय."

"माझा ताप जातोय मॅडम यादीत."

त्यांनी चष्मा काढला. "समासातलं कॉम्प्युटरमध्ये जात नाही. वरचे लोक विचारतात, हे काय म्हणून. सही करा इथे. पुढच्या महिन्यात नेमणुकीच्या नव्या ऑर्डरी निघतील, तुमचं नाव मीच देणार आहे."

मी पेन उचललं होतं. हे सांगायलाच हवं. मी काही शूर नाही. नोकरी हवी होती, अंगात अजून कणकण होती, आणि सही म्हणजे एक सेकंदाचं काम. पेन कागदाला टेकवलं आणि मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं. त्या हसत होत्या, प्रेमाने. मी खरं बोलले तेव्हा याच बाईने मला सगळ्यांदेखत वाईट आई ठरवलं होतं. आता मी खोट्यावर सही केली की चांगली आई ठरवणार होती. दोन्ही वेळा ठरवणार तीच. आणि मी दोन्ही वेळा तिच्यासमोर उभी, तिच्याच कामासाठी माझं दूध आटवत.

तेव्हा राग आला. उशिरा आला, पण आला.

"मॅडम, बाटली का देता, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. हॉलमध्ये नाही, फॉर्मवर नाही. ते ज्या फॉर्मवर विचाराल त्यावर सही करते."

"तुम्हाला कळतंय का, काय बोलताय?"

"हो."

पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले.

नव्या ऑर्डरीत माझं नाव नसेल, हे मला माहीत आहे. डाव्या बाजूचं दूध आटलं, तेही परत यायचं नाही. पोरगी आता बाटलीच ओढते, माझ्याकडे वळत नाही. याचं दुःख होतं. रोज होतं. त्यावर कुणी मलम लावू नये.

पण महिनाअखेरपर्यंत फाइल माझ्याकडे आहे. रोज आठ घरं. छापलेला प्रश्न विचारते, टिक करते, आणि पेन मिटत नाही. विचारते, आणि परवा? आणि तू कामाला जातेस तेव्हा? तेव्हा तुझ्या दुधाचं काय होतं? आधी बायका दचकतात. मग बोलतात. जे बोलतात ते समासात लिहिते, त्यांच्याच शब्दांत, आणि खाली त्यांची सही घेते. समास पुरला नाही तर कागद उलटा करते.

कुणाला खोडायचं असेल तर त्याने खुशाल खोडावं. पण स्वतःच्या हाताने खोडावं, आणि शेजारी स्वतःचं नाव लिहावं. आडनावासकट.