पाच व्होल्टांचे स्थळ

माणसांच्या स्वभावाविषयी ठाम मते असणारे पुष्कळ भेटतात. चार्जरच्या स्वभावाविषयी तशी मते बाळगणारा गृहस्थ शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत एकच असावा, आणि ते माझे साडू आहेत. कोणाच्याही घरी गेले की ते आधी भिंतीवरचा चार्जर काढून तळहातावर तोलतात, मग चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचतात. एका साखरपुड्यात नवरदेवाची चौकशी इतरांवर सोपवून त्यांनी कार्यालयातील ध्वनिक्षेपकाचा अडॅप्टर पारखला आणि "घराणं चांगलं नाय," असा निकाल दिला. तो नेमका वधूपित्याच्या कानी गेल्यामुळे पुढे बराच खुलासा करावा लागला.

या व्यासंगाची खरी कसोटी सासूबाईंमुळे लागली. सिद्धगडाच्या पायथ्याशी त्या एकट्या राहत. दोन्ही मुलींनी त्यांना आसनगावच्या फ्लॅटमध्ये आणण्याचे ठरवले होते, आणि त्यांना ते मुळीच मान्य नव्हते. तडजोड साडूंनी काढली: पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक आणि कॅमेरा ओटीवर बसवायचा, रोज सकाळी आई मुलींना दिसली, तर तिने तिथेच राहावे. यंत्र बसले; पण कॅमेरा सुरू होताच ते मान टाकी. "भाताच्या पेरणीपर्यंत बघू," माझी पत्नी म्हणाली, "नाहीतर आईला घेऊन येऊ."

मग साडू मुलीसाठी स्थळे पाहावीत तसे चार्जर पाहू लागले. मी भीतभीत माझ्या मोबाइलचा फास्ट चार्जर सुचवला.

"मेलगाडी कितीबी जोरात धावू दे, उंबरमाळीसारख्या बारक्या ठेसनाला थांबते का?" ते म्हणाले. "याला पाचच व्होल्ट पायजे, पण करंट भरपूर. तुमचा जोर याच्या कामाचा नाय."

अखेर एक दणकट, अबोल अडॅप्टर पसंत पडला. तरीही पडद्याच्या कोपऱ्यात अपुऱ्या विजेची पिवळी खूण उमटलीच. साडू ओटीवर डोके धरून बसले. दोष स्थळात नव्हता. घरातला एकुलता प्लग चुलीकडच्या भिंतीला, म्हणून त्यांनी स्वतःच अडॅप्टरची बारीक वायर माजघरातून ओटीपर्यंत लांबवली होती, आणि पाच व्होल्ट वाटेतच थकत होते. त्यांनी प्लगच ओटीवर आणला, वायर वीतभर ठेवली, आणि यंत्र तग धरून राहिले.

"आता नाय नेत ना मला?" सासूबाईंनी विचारले.

"नाय. तुमी फक्त सकाळी इथं बसा."

त्यानंतर साडू अधूनमधून तेथे जात आणि अडॅप्टरवर हात ठेवून तो तापला आहे का ते पाहत. "जावईबापू, माजा ताप कदी बगनार?" असे सासूबाई विचारीत, आणि चहा होईपर्यंत ते निमूटपणे त्यांच्या शेजारी बसत.

यंदा भातकापणीनंतर सासूबाई वारल्या, आपल्याच घरात.

"भाऊजी, ते यंत्र आता बंद करायला हवं," पत्नी म्हणाली.

"राहू दे गो," एवढेच साडू म्हणाले.

सकाळी कधी कधी मीही मोबाइलवर पाहतो. रिकाम्या ओटीवर ऊन सरकत असते. पिवळी खूण उमटत नाही.