शेंदराखालचा नंबर

ती रायफल आठवली की आजही अंग जड होते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, दंगली पाहिल्या आणि त्यातले बरेचसे विसरलो. ही मात्र विसरता येत नाही.

गणपती विसर्जनाचा बंदोबस्त नुकताच संपला होता. तीस तास उभे राहून पाय सुजले होते. सकाळची हजेरी घेऊन खुर्चीत टेकतो न टेकतो तोच खबर आली, की कळंब्याच्या पुढच्या एका गावात एका म्हाताऱ्याच्या घरी लष्करी बंदूक आहे. खबर देणारा म्हाताऱ्याच्याच भावकीतला, आणि बांधावरून दोघांचे वाकडे. भावकीतून आलेली खबर सहसा खरी असते, देणाऱ्याची नियत तेवढी पाहायची नसते.

आम्ही छापा घातला. देवघरात भिंतीला टेकून, लाल कापडात गुंडाळलेली रायफल उभी होती. आमच्या थ्री नॉट थ्रीपेक्षा सडसडीत, बोल्टची ठेवणही वेगळी. असली रायफल आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती. नळीच्या मागे जिथे शिक्का आणि नंबर असतो, नेमका तिथे करंगळीएवढा जाड शेंदूर. रायटर हवालदाराने पंचनाम्यात लिहिले, 'नंबर बुजवलेला'. मी सही केली. परदेशी हत्यार आणि तेही नंबर बुजवलेले, म्हणजे तस्करीचा संशय आला आणि जामीन अवघड झाला.

म्हातारा सत्तरीचा. इचलकरंजीत यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म गेला, त्यामुळे ऐकू कमी यायचे. चौकशीही ओरडूनच करावी लागली.

"कुठून आणलीस?"

"माझ्या बानं आणलीया सायेब. दुसऱ्या लढाईत इटलीला गेलता त्यो."

"कागद आहे?"

"कागुद कुठला? बा गेला, तवापास्नं आमी पुजतोय की. खंडेनवमीला न्हिवद दावतोय."

"मग शेंदूर खरडून नंबर बघू."

इतका वेळ हात जोडून बसलेला म्हातारा ताडकन उठला. "न्हाय सायेब! मला मारा वाटलं तर, पर त्येला खरडू नगासा. बा हाय त्यो माझा."

माझा तेव्हा एक ठोकताळा होता. जो हात लावू देत नाही, तो लपवतो. शेंदूर फासलेल्या दगडाखाली पुरलेला गांजा मी स्वतः पकडला होता, त्याची शेखी अजून डोक्यात होती. रायफल सीलबंद करून तपासणीला पाठवण्यासाठी मुद्देमाल खोलीत ठेवली आणि म्हाताऱ्याची कोठडी संपताच त्याला कळंबा जेलला पाठवले. प्रयोगशाळेची तारीख काही मिळेना. त्याची बायको दर दोन दिवसांनी बीपीच्या गोळ्या घेऊन ठाण्यात यायची. नवरा इथे नाही, जेलमध्ये आहे, हे तिला कोणी नीट समजावले नव्हते. मीही नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी पोलीस ठाण्यातही शस्त्रपूजा असते. हत्यारांची देखभाल करणारा आमचा जुना आर्मरर हवालदार सकाळपासून तेलाच्या फडक्याने रायफली पुसत होता. दस्त्यावरचे मागल्या वर्षीचे कुंकू काही केल्या निघेना. मी वैतागून म्हणालो, "किती घासताय?"

"साहेब, आपण दरसाल पुसतोय म्हणून निघतंय तरी. घरची माणसं पुसत न्हाईत. वरनंच लावत्यात."

मला म्हाताऱ्याच्या रायफलीवरचा तो करंगळीएवढा थर आठवला. मग कोर्टाची परवानगी काढली, पंचांसमक्ष सील उघडले. आर्मररने शेंदराच्या थराचा कडेचा टवका उचलला आणि उजेडात धरला. आत पापुद्र्यावर पापुद्रा होता. मध्ये झेंडूची वाळकी पाकळी, कुठे सुताचा धागा, कुठे काजळी.

"ह्यो एका दिवसाचा लेप न्हाय साहेब. साठ-सत्तर खंडेनवम्या हायत ह्यात."

तिळाचे तेल लावून त्याने उरलेला थर खरडला. खाली नंबर शाबूत होता. वर मुकुटाचा शिक्का, त्याखाली इटलीतल्या एका गावाचे नाव. पुढे सैन्याच्या अभिलेख कार्यालयातून पत्र आले. म्हाताऱ्याचा बाप इटलीत लढला होता. तस्करीचे कलम निघाले, जामीन झाला. विनापरवान्याचा खटला मात्र राहिलाच. रायफल कोर्टाच्या ताब्यात गेली.

सुटल्यावर म्हातारा ठाण्यात आला. जेलमध्ये वाळून अर्धा झाला होता. मला वाटले, शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरे झाले असते.

"बंदूक ऱ्हाऊ द्या सायेब, कायदा हाय. खरडलेला शेंदूर तेवढा द्या. नदीत सोडाय पायजे त्यो. देवाचं हाय."

तो शेंदूर आम्ही वर्तमानपत्रावर खरडला होता. नमुन्यापुरता पाकिटात घेतला आणि बाकीचा त्याच दिवशी झाडूने गोळा होऊन कचऱ्यात गेला होता. कोणाच्या मनातही काही आले नव्हते.

"मी स्वतः पंचगंगेत सोडला," मी म्हणालो.

ठोकताळे चुकतात, हे या प्रकरणाने शिकवले. पण चूक कळल्यावरही ती कबूल करायला मी धजत नाही, हेही त्याच दिवशी समजले. पस्तीस वर्षे मी लोकांकडून खरे वदवून घेत होतो. माझी ती थाप म्हाताऱ्याने खरी मानली. "लई उपकार झालं सायेब," म्हणाला आणि वाकून माझ्या बुटांना हात लावला.