इकडील सर्व क्षेम

पद्मिनीच्या पायाला भिंगरी लागली होती. किचन ते खिडकी, खिडकी ते किचन. अमेरिकेतल्या चँडलरचं जुलैचं ऊन बाहेर मी म्हणत होतं, तिला गाडी चालवता येत नव्हती, आणि टेबलावर विमानटपालाचा कोरा निळा एरोग्राम पडला होता. शेजारी साताऱ्याहून आलेलं आईचं पत्र: ‘आठवा लागला ना? जपून राहा. नाव काय ठरवलंत?’

आठव्यातच बाळ गेलं होतं. तीन आठवडे झाले.

श्रीरंग, तिचा नवरा, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. “तुझ्या आईंचं हार्ट वीक आहे,” तो म्हणाला होता. “डिसेंबरची तिकिटं बुक करू. समोर बसून सांगू.” माणूस वाईट नव्हता हो, पण रडायचं कुणी डिसेंबरपर्यंत राखून ठेवतं का? किचनच्या कपाटातला देव्हाराही पद्मिनीनं तेव्हापासून उघडला नव्हता.

जीव रमवायला तिनं लायब्ररीतून एक पुस्तक आणलं होतं. शंभर वर्षांपूर्वी बैलगाड्यांच्या तांड्यातून पश्चिमेकडे आलेल्या एका आईच्या आठवणी. देवाधर्माचं गोडगोड काहीतरी असेल, असं तिला वाटलं होतं. पण बाई चांगलीच फटकळ निघाली. वाटेत तिचं पोर तापानं गेलं. तांडा थांबेना. जनावरांनी उकरू नये म्हणून त्या खड्ड्यावरून सगळ्या गाड्या नेल्या. त्या दिवशी मी देवाशी कडाकडा भांडले, बाई लिहिते, आणि मग त्याच्याचपुढे गुडघे टेकले, कारण माझं ऐकायला दुसरं होतं कोण?

माहेरी मात्र त्या बाईनं कळवलं, प्रवास सुखाचा चाललाय; पोर गेल्याचं कधी लिहिलंच नाही. तिकडे तिची आई दर हिवाळ्यात नातवासाठी मोजे विणत राहिली, दरवर्षी थोडे मोठे. आई गेल्यावर ते सगळे जोड तिला पोस्टानं आले.

पद्मिनीनं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिच्या आईनंही आतापर्यंत जुन्या लुगड्याची दुपटी शिवायला घेतली असतील.

तिनं पेन उचललं. वर ‘श्री’ घातलं, आणि चार वर्षांच्या सवयीनं हातानं आपसूक लिहून टाकलं: ‘ती. आईस सा. न. इकडील सर्व क्षेम.’

ती बघतच राहिली. घरात दुसरा एरोग्राम नव्हता. मग तिनं खाली लिहिलं, ‘आई, वरची ओळ खोटी आहे. बाळ गेलं. मी त्याला मंदार म्हणत होते.’ पुढे पान भरेपर्यंत ती थांबली नाही.

श्रीरंग आला तेव्हा ती पत्राला डिंक लावत होती. तिनं ते त्याच्यापुढे धरलं. भांडायचीच तयारी होती तिची. त्यानं बूट न काढता उभ्या उभ्या वाचलं.

“मंदार?” तो म्हणाला. “मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कधी?”

तो खुर्चीत बसला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा रडला. मग तोंड धुऊन आला, गाडीची किल्ली उचलली.

“चल,” तो म्हणाला. “पोस्ट बंद व्हायच्या आत टाकू.”