उपवासाच्या दिवशीची गोळी

आमच्या जैन घरात चतुर्दशीला सासूबाई नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहतात. त्या दिवशीही त्यांनी शुगरची गोळी घेतली. दुपारी घामानं भिजल्या आणि बेशुद्ध पडल्या. चिकोडीच्या दवाखान्यात सलाइनमधून साखर दिली, तेव्हा वाचल्या.

डॉक्टर माझ्यावरच खेकसले, “उपाशीपोटी गोळी दिलीस कशाला गं?”

मी कुणापुढं बोलत नाही. पण त्या दिवशी संताप आवरला नाही. म्हटलं, “गोळी चुकवू नका म्हणून तुम्हीच सांगितलंत. उपाशीपोटी ती साखर फार उतरवते, हे तेव्हा का न्हाय सांगितलंत? आमचे उपवास तुम्हाला ठाऊक न्हाईत व्हय?”

नवरा म्हणाला, “गप बस.”

बसले नाही. पुढच्या उपवासाला गोळीचं काय करायचं, ते मराठीत लिहून घेऊनच उठले.